नावं मी घेणार नाही

ते वाक्य त्या चित्रपटात नाही. ते मी घातलं. हे आजवर मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या सहकारी मॅडमबरोबर तो अभ्यासक्रम चालवला त्यांना नाही, आणि जिनं मला तोंडावर विचारलं त्या मुलीला तर मी उलटंच सांगितलं.

मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी आमच्या इतिहासाच्या मॅडमनी ठरवलं की शनिवारी दुपारी एक छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम काढायचा. विषय फॅसिझम. थोडा इतिहासातून, थोडा कथाकादंबऱ्यांतून, थोडा चित्रपटांतून. इतिहास त्या बघणार, साहित्य मी, चित्रपट दोघं मिळून. प्राचार्यांनी विचारलं, "शनिवारी दुपारी कोण येणार?" मॅडम म्हणाल्या, "पिक्चर दाखवणार म्हटलं की येतील." आणि खरंच आली मुलं. सभागृह पूर्ण नाही, पण पुढच्या रांगा भरतील इतकी.

मॅडमची शिकवायची एक तऱ्हा होती. जुन्या सभांची छायाचित्रं त्या पडद्यावर लावायच्या आणि प्रोजेक्टरसमोर पुठ्ठ्याचा एक तुकडा असा धरायच्या, की भाषण करणारा माणूस नेमका झाकला जायचा. मग म्हणायच्या, "त्याला विसरा. ऐकणारे बघा. कोण हसतंय? कशाला हसतंय?" मुलं आधी खिदळायची, मग हळूहळू गप्प व्हायची. एका छायाचित्रात एक बाप होता, खांद्यावर तान्हं मूल. मूल जिवाच्या आकांतानं रडतंय आणि बाप हसतोय, त्याला पत्ताच नाही. त्या दिवशी तास संपल्यावरही मुलं उठेनात.

त्यांचा दुसरा नेम म्हणजे एक प्रश्न. कोणी काहीही विधान केलं की त्या विचारायच्या, "कुठून आलं हे?" पुरावा द्या, नाही तर खोडा. मुलांनी त्याची चेष्टा करून टाकली होती. कॅन्टीनमध्ये एकानं म्हणावं, आज पोह्यावर तर्री कमी आहे, की दुसरा मान वाकडी करून विचारणार, "कुठून आलं हे?"

चित्रपटांची मात्र पंचाईत झाली. जुने युरोपातले चित्रपट, भाषा परकी, खाली इंग्रजी ओळी. आमची बरीच मुलं काटोल, उमरेड, भिवापूरकडची. मराठीतून शिकलेली. ओळ वाचून होईस्तोवर पुढची यायची. पहिल्याच चित्रपटाला अर्ध्या तासात कुजबुज सुरू झाली. मध्यंतरात एक मुलगा माझ्याकडे आला. हा शहराच्या कडेला वाडी नावाच्या भागात खोली करून राहायचा, सकाळी तिथल्याच एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात काम करायचा आणि दुपारी कॉलेजला यायचा. म्हणाला, "सर, हे लोकं भांडून राहिले का लगन जमवून राहिले, काही समजूनच नाही राहिलं. तुम्ही सांगा ना मराठीत."

मी माइक घेतला. तेव्हापासून तीच पद्धत पडली. मी घरी चित्रपट दोनतीनदा बघून ठेवायचो. शनिवारी प्रोजेक्टरशेजारी खुर्ची टाकून, मूळ आवाज अगदी बारीक करून, अंधारात मराठी बोलत जायचो. म्हाताऱ्याचं म्हाताऱ्यासारखं, रडणाऱ्याचं जरा थांबत. मुलं मला बोलपट सर म्हणायला लागली. मला ते आवडायचं. हेही कबूल करतो, कारण पुढचं सगळं त्या आवडण्यातून आलं.

आमचं घराणं मराठ्यांच्या राजवटीत इकडे आलेलं, पिढ्यान् पिढ्या कारकुनीत. घरात मोठ्यानं बोलायची रीत नव्हती. वडील मीठसुद्धा खुणेनं मागायचे. मीही तसाच, चारचौघांत घुमा. पण शाळेत एका गुरुजींनी मला वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं आणि माझ्या आतून भलताच कोणीतरी बोलायला लागला. तालुक्यातले, जिल्ह्यातले फिरते करंडक आमच्या शाळेत यायला लागले. वादविवादात तर मी गंमत म्हणून सकाळी विषयाच्या बाजूनं आणि दुपारी विरुद्ध बोलायचो, आणि दोन्हीकडे बक्षीस घ्यायचो. कोणी विचारलं नाही की तुला स्वतःला काय वाटतं. मीही विचारलं नाही.

गुरुजींनी एक युक्ती शिकवली होती. "सगळं आपण बोलू नये बाबू. वाक्य अर्ध्यावर सोडावं. लोकाईले पुरं करू द्यावं. त्याईले वाटते, हे तं आपल्याच मनातलं बोलला." मग ते उदाहरण द्यायचे: गावाचं नुकसान कोणी केलं हे सांगताना म्हणायचं, नावं मी घेणार नाही. आणि थांबायचं. पाणी प्यायचं हवं तर. टाळी येते. मला दरवेळी यायची.

आता तो चित्रपट. एका लहान गावात एक बाई कपडे इस्त्री करून पोट भरते. निरनिराळ्या लोकांचे निरनिराळे कपडे. मग गावात पक्षाचं काम वाढतं आणि तिच्याकडे एकाच रंगाचे शर्ट यायला लागतात. आधी एकदोन, मग ढीग. ती इस्त्री करत राहते. मध्यावर गावच्या चौकात एक पुढारी दुधाच्या गाडीवर उभा राहून भाषण करतो. खालच्या इंग्रजी ओळी साध्या होत्या: काम गेलं, भाकर महाग झाली, तुमची पोरं उपाशी निजतात आणि याच गावात कोणीतरी सुखात आहे. एवढं बोलून तो थांबतो आणि पाणी पितो. लांबवर पाणी पितो. चौक गप्प असतो. कॅमेरा त्या बाईच्या हातावर जातो.

त्या शांततेत मी बोललो. आवाज खाली आणला आणि म्हणालो, "नावं मी घेणार नाही. तुम्हाला ठाऊक आहेत."

टाळ्या पडल्या. चित्रपटातल्या नव्हेत, आमच्या सभागृहातल्या. पुढच्या रांगेतून सुरू झाल्या आणि मागे गेल्या. मग मागच्या बाकांवरून कोणीतरी आपल्या शहरातल्या एका वस्तीचं नाव घेतलं. मोठ्यानं नाही, सहज. आणि सगळे हसले.

मी हादरलो. चित्रपट बाहेरच्या देशातला, काळ जुना, माणसं परकी, आणि हे नाव मात्र इथलं. सिटी बसच्या पाटीवर असतं ते. पुढाऱ्यानं पेला खाली ठेवला, पुढचं बोलायला लागला, आणि मला ओळ सापडेना.

दुसऱ्या रांगेत एक मुलगी बसायची. बीएच्या शेवटच्या वर्षाची. ती त्या वस्तीतून यायची. घरी हिंदी, शाळा इंग्रजी, मराठी ती हट्टानं शिकलेली. माझ्या तासाला कविता वाचायला सांगितली की तिचे उच्चार बाकीच्यांपेक्षा स्वच्छ यायचे. नाव घेतलं गेलं तेव्हा सगळ्यांनी मागे वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून. तिनं मागे पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं.

त्या क्षणी चित्रपट थांबवायला हवा होता. दिवे लावून विचारायला हवं होतं, की तुम्ही आत्ता टाळ्या का वाजवल्या? नाव कुठून आलं? अख्ख्या अभ्यासक्रमात त्याहून चांगला धडा मिळाला नसता. मॅडम असत्या तर त्यांनी तेच केलं असतं. त्या दिवशी त्या परीक्षेच्या कामानं अमरावतीला गेल्या होत्या. मी थांबवला नाही. का, ते आता सांगतो: टाळ्या मला पडल्या होत्या.

चित्रपट संपला. बाहेर चहाला वाडीचा तो मुलगा आला. "सर, अंगावर काटा आला. काय बोलला तो माणूस." मी म्हटलं, "हं."

मग ती मुलगी आली. बाकीचे जाईपर्यंत थांबली होती.

"सर, ते वाक्य खाली लिहिलेलं नव्हतं."

"कोणतं?"

"नावं घेणार नाही."

"सबटायटलमध्ये सगळं येत नाही. बरंच गाळतात ते."

"पण सर, तेव्हा तर तो पाणी पीत होता."

मी लगेच म्हणालो, इतक्या लगेच की मलाच नवल वाटलं, "मी जरा मागे पडलो होतो. तो आधी बोलला, मी नंतर बोललो. असं होतं."

"तुम्हाला ती भाषा येते?"

"थोडीफार. जाणकाराला विचारूनही घेतलं होतं."

मला त्या भाषेतला एक शब्द येत नाही. जाणकार कोणी नव्हता. ती "बरं सर" म्हणाली आणि गेली. मला वाटलं, संपलं.

पुढच्या शनिवारी चर्चेच्या तासाला तिनं हात वर केला. मॅडम समोर होत्या. ती म्हणाली, "ते वाक्य मूळ चित्रपटात नाही. मिहानमध्ये माझा भाऊ एका परदेशी कंपनीत आहे, तिथं ती भाषा येणारे लोक आहेत. मी तेवढा तुकडा त्यांना ऐकवला." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी हसलो आणि म्हणालो, "कंपनीतल्यांची भाषा यंत्रांची. साहित्याची भाषा वेगळी असते." मुलं हसली. मागून कोणीतरी म्हणालं, "इंग्लिश मीडियम आहे ना सर, तिले सगळं खाली लिहून लागते." त्या दिवसापासून तिचं नाव सबटायटल पडलं.

वाक्य मात्र कॉलेजभर पसरलं. कॅन्टीनमध्ये ती येऊन बसली की कोणीतरी म्हणायचं, "नावं मी घेणार नाही…" आणि टेबल हसायचं. पोह्यांच्या हातगाडीवर ऐकलं, पार्किंगमध्ये ऐकलं. गमतीनंच म्हणायची मुलं. त्यांच्या चेहऱ्यांवर राग नव्हता. मी राग शोधत होतो, कारण मी शिकवत होतो त्या कथांमध्ये तो असायचा. इथे नुसती मजा होती. हे मला कोणत्याही कादंबरीनं सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी ते मुलांना लिहून देऊन पुढच्या धड्याकडे वळलो असेन.

मग महाविद्यालयाची वार्षिक वक्तृत्व स्पर्धा आली. परीक्षक तीन, त्यातला एक मी. त्या दिवशी वेळ पाहणारा कोणी नव्हता म्हणून घंटाही माझ्याच पुढ्यात ठेवली होती. विषय होता माझ्या स्वप्नातलं शहर.

वाडीचा मुलगा चांगला बोलला. आवाज मोकळा, हात नेमके. नागपूरचे रस्ते, झाडं, तलाव असं करत करत तो शेवटाकडे आला. "हे सुंदर शहर कोणी घाण केलं?" थांबला. "नावं मी घेणार नाही." आणि पुन्हा थांबला.

सभागृहानं एका सुरात त्या वस्तीचं नाव घेतलं.

एकट्यादुकट्यानं नव्हे, सगळ्यांनी. मग खुर्च्या बडवल्या, शिट्या झाल्या. माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. थांबण्याची जागा अगदी बरोबर होती. माझ्या गुरुजींची होती ती. मी त्याला सादरीकरणाचे सगळे गुण दिले. हादरलेल्या माणसाचा हात असं कसं लिहितो, मला सांगता येणार नाही, पण लिहिलं.

दोन वक्त्यांनंतर ती आली. तिनं नाव दिलंय हे मला ठाऊक नव्हतं. ती माइकपाशी पोचेपर्यंत मागून हलक्या आवाजात सुरू झालं होतं, नावं मी घेणार नाही, नावं मी घेणार नाही. तिनं ते संपू दिलं. आधी आपल्या गल्लीतल्या नळाबद्दल बोलली, पहाटे पाणी येतं तेव्हा सगळ्या घरांत एकदम दिवे लागतात त्याबद्दल. चांगलं बोलत होती. मग म्हणाली, "मघाशी एक वाक्य तुम्ही सगळ्यांनी मिळून पूर्ण केलं. ते एका चित्रपटातलं आहे असं सगळे समजतात. त्या चित्रपटात त्या वेळी तो माणूस पाणी पीत होता. ते वाक्य कोणाचं आहे, हे इथे एका माणसाला माहीत आहे."

आणि ती थांबली.

मी घंटा वाजवली. तिची वेळ अजून संपायची होती. मी म्हणालो, "विषयाला धरून बोला."

परीक्षक असं म्हणतात. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "सबटायटल, बस खाली." हशा झाला. घंटेचा नाद विरेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली. माझं नाव तिला घेता आलं असतं. माइक तिच्यासमोर होता. तिनं फक्त स्पर्धेत म्हणतात ते म्हटलं, "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते," आणि उतरली.

पहिलं बक्षीस वाडीच्या मुलाला मिळालं. माझ्या पाया पडून म्हणाला, "सर, तुमचीच ष्टाईल मारली. तुम्ही माइकवर जसं थांबले होते ना, तसंच." म्हणजे त्याला कळलं होतं. वाक्य चित्रपटातलं आहे असं तो समजत होता, पण त्यातली जागा माझी आहे हे त्याच्या कानानं बरोबर टिपलं होतं.

अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रत्येकानं एक प्रकल्प द्यायचा होता. तिनं मॅडमची पद्धत घेतली आणि आमच्याच सभागृहावर लिहिलं: भाषण करणाऱ्याला झाकून, ऐकणाऱ्यांवर. टाळ्या कुठून सुरू झाल्या, कोण आधी हसलं, कोण शेजाऱ्याकडे बघून मग हसलं. मध्ये एक विधान होतं, की हे वाक्य चित्रपटात नाही, ते या सभागृहात तयार झालं. मॅडमनी मला स्टाफरूममध्ये गाठलं.

"सर, शेवटचं विचारते. वाक्य आहे की नाही?"

"आहे मॅडम. तिचा गैरसमज झालाय."

"ती फार ठामपणे लिहिते आहे."

"वयच तसं असतं."

मॅडम माझ्याबरोबर अनेक वर्षं काम करत होत्या; माझ्याकडे त्यांनी पुरावा मागितला नाही. त्यांनी तिला सांगितलं, विधानाला आधार नाही, तेवढा परिच्छेद काढ, बाकी उत्तम आहे. तिनं काढला नाही. तिला प्रमाणपत्र मिळालं नाही. मॅडम मला म्हणाल्या, "वाईट वाटलं हो. त्या वर्गातली सगळ्यात चांगली मुलगी. एमएला इतिहास घे म्हणून मी मागे लागणार होते. पण पुरावा नाही तर नाही." त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून मी चहा पीत होतो. पुरावा मीच होतो.

स्पर्धेचं एक छायाचित्र पुढे सूचना फलकावर लागलं. मंचावर वाडीचा मुलगा, हात वर. खाली सभागृह. नाव घेतलं गेलं त्याच क्षणाचं असावं, कारण सगळ्यांची तोंडं सारखी उघडी होती. गर्दी नव्हती, तेव्हा मी अंगठा ठेवून मुलाला झाकलं. ऐकणारे बघा. ओळखीची मुलं. माझ्या तासाला झोपणारी, माझ्याकडून पुस्तकं नेणारी. डाव्या कोपऱ्यात परीक्षकांचं टेबल. परीक्षकांमधला एक माणूस हसत होता.

माझ्या आठवणीत मी हादरलेलो होतो. शपथेवर सांगितलं असतं. छायाचित्रात मी हसतोय. तोंडभर नाही, पण दाद देताना हसतो तसं, ओठ दाबून, मान जरा तिरपी. मी अंगठा काढला, पुन्हा ठेवला. तो मीच होतो.

तरीही एक गोष्ट मी धरून होतो. की ते ओघात झालं. अंधार होता, माइक होता, शांतता आली आणि जुनी सवय तोंडातून निघून गेली. यातही काही तथ्य आहे असं मला वाटायचं.

वाडीच्या मुलाला नंतर बाहेरूनही बोलावणी यायला लागली. गावोगावचे कार्यक्रम, मंडळं. त्याच्या भाषणाचा तुकडा फिरत फिरत आमच्या घरच्या ग्रुपवर आला. बायको स्वयंपाकघरात फोन टेकवून कणीक मळत होती. ते वाक्य आलं आणि ती हसली.

"अहो, हे तर तुमचं."

"कसलं?"

"नावं मी घेणार नाही. मागं आठवडाभर बाथरूममध्ये तेच तर घोकत होते तुम्ही. आवाज चढवून, उतरवून. खालच्या काकू विचारत होत्या, सरांचं कोणाशी वाजलं काय म्हणून."

मी म्हणालो, "ते चित्रपटातलं होतं."

"असेल," ती म्हणाली आणि पोळी लाटायला घेतली.

मी जाऊन गच्चीवर उभा राहिलो. आठवडाभर. म्हणजे ते निसटलं नव्हतं. घरी चित्रपट बघताना ती शांतता मला दिसली होती, ती रिकामी वाटली होती, आणि तिथं काय बसेल हे मी ठरवलं होतं. कुठे थांबायचं तेही ठरवलं होतं. मी हे विसरलो होतो. खोटं बोलत नव्हतो, खरोखर विसरलो होतो. ज्या माणसांविषयी आम्ही शनिवारी शिकवायचो, तीसुद्धा नंतर असंच सांगायची, की आम्हाला आठवत नाही. तेव्हा मला ती लबाड वाटायची.

त्या तुकड्यात आणखी एक गोष्ट होती, ती मी दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात आली. उमरेडच्या बाजूचं कुठलंसं गाव होतं. तिथं लोकांनी वस्तीचं नाव घेतलं नाही. त्यांच्या गावात तशी वस्ती नसेल. त्यांनी एका माणसाचं नाव घेतलं.

मी मुलाला फोन केला. म्हटलं, "तो माणूस कोण?"

"कोण सर?"

"ज्याचं नाव घेतलं लोकांनी."

"मले काय माहीत सर. शिंपी आहे म्हणत होते तिथला."

"त्याचं पुढे काय झालं?"

"काहीच नाही जी. लोकं हसले फक्त. काहून, काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही." तो म्हणाला, "सर, तुमचा आशीर्वाद आहे." हे तो मनापासून म्हणाला.

गेल्या उन्हाळ्यात बायकोला घेऊन धंतोलीतल्या एका दवाखान्यात गेलो. कॉरिडॉरभर माणसं; यवतमाळची, गोंदियाची, कोणी डबा उघडून बसलेलं, कोणी खाली चादर अंथरून. काउंटरवर माइक होता आणि माइकपाशी ती मुलगी होती. एकेक पेशंटचं नाव घेत होती. पूर्ण नाव, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट, न चुकता, न अडखळता, दुसऱ्यांदा घ्यावं लागलं तरी त्याच सुरात. म्हाताऱ्यांसाठी जरा सावकाश. बायकोचं नाव आलं तेव्हा आम्ही पुढे झालो.

तिनं मला पाहिलं. "नमस्कार सर."

"इथे?"

"हो सर."

"शिक्षण?"

"बीए झालं. पुढचं बघू." बायकोला म्हणाली, "काकू, आधी तिकडे बीपी बघून घ्या, मग आत."

मला बोलायचं होतं. मी म्हणालो, "कशी आहेस?"

"बरी आहे, सर." मग माइककडे वळून तिनं पुढचं नाव घेतलं.

एमएला ती माझ्यामुळे गेली नाही की आणखी कशानं, हे मी विचारलं नाही. विचारायला आधी दुसरं काहीतरी सांगावं लागलं असतं. बाहेर रिक्षात बायको म्हणाली, "गोड मुलगी आहे. विद्यार्थिनी होती का तुमची?" मी हो म्हणालो.

अभ्यासक्रम या वर्षी पुन्हा सुरू होतोय. मॅडमनी चित्रपटांची निवड केली आहे, त्यात इस्त्रीवाल्या बाईचा तो चित्रपटही आहे. "तो तुम्ही फार छान करता," म्हणाल्या. त्या वस्तीचं नाव मी या लिखाणात कुठेही घेतलं नाही, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. वाचताना ती जागा ज्यानं त्यानं आपापल्या परीनं भरलीच असेल, याची मला भीती वाटते. मुलीचं नावही घेतलं नाही, कारण ते घ्यायचं ठिकाण हे नव्हे.

ते ठिकाण आमचं सभागृह आहे. तिथल्या माइकवरून, मॅडम समोर असताना, वाडीच्या मुलाला मुद्दाम बोलावून, आणि ती यायला तयार असेल तर तिच्यासमोर, मला सांगायचं आहे की ते वाक्य माझं होतं, मी ते आठवडाभर घोटून आणलं होतं, ती खरं बोलत होती, आणि तिची वेळ शिल्लक असताना घंटा मी वाजवली. मग मॅडमना सांगायचं आहे की तिचा प्रकल्प आहे तसा स्वीकारा. आणि उमरेडच्या बाजूच्या त्या गावात जाऊन त्या शिंप्याला भेटायचं आहे. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.